गुरुवारचं भांडण

"दर वेळी मीच काय आवाज चढवायचा? आज तुम्ही चढवा की," शिंपी कुरकुरला.

"माझा घसा बसलाय," ड्रायव्हरने हात झटकले.

एकेकाळी या दोघांच्या गल्ल्यांनी मधल्या पटांगणावरून एकमेकांची डोकी फोडली होती. तेव्हा समाजशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी दोघांना दर गुरुवारी एका टेबलाशी बसवायला सुरुवात केली. लोकांची भांडणं सोडवण्यातच बाईंची सगळी नोकरी गेली. आता त्या निवृत्त होत्या, घरी एकट्याच होत्या, तरी गुरुवार चुकवत नव्हत्या. आणि खरं काय ते सांगायला ड्रायव्हरची जीभ रेटत नव्हती.

बाई आल्या तसे दोघे टेबलाच्या दोन टोकांना तोंडं फुगवून बसले. शिंप्याने पटांगणाचा विषय काढून जमेल तेवढा आवाज चढवला. बाईंनी नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांची नजर ड्रायव्हरच्या नव्या सदऱ्यावर गेली.

"शिलाई सुरेख आहे. यांचीच ना?"

ड्रायव्हर कॉलर चाचपत राहिला. शिंप्याचा चढलेला आवाज खाली आला. "बाई, आमचं भांडण तर..."

"मिटलंय. मला मागच्याच वर्षी कळलं," बाई म्हणाल्या. "पण मग मी गुरुवारी कुठे जाऊ?"