शांत झालेलं जनुक

पेशी तरंगत होत्या. तिने सूक्ष्मदर्शक पुन्हा नीट लावून पाहिलं, तरी तरंगतच होत्या. माणसाच्या यकृताची निरोगी पेशी भांड्याच्या बुडाला चिकटून बसते. तिथेच जगते, तिथेच वाढते. सुटून वर आली की संपली. काढा घातलेल्या एकाही भांड्यात बूड धरून राहिलेली पेशी तिला सापडेना.

काढा कडू वेलीचा होता. लोक पिढ्यान्‌पिढ्या ती वेल चिमूटभर उकळून अंगावरच्या सुजेवर घेत आले. हा काढा बाजारात आणणाऱ्या कारखानदाराने मात्र आटवून आटवून तिचं डांबर केलं होतं. ओलं फडकं बादलीत विसरून जावं तसा त्याचा वास खोलीभर भरला होता.

सर कारखानदाराला घेऊन आत आले. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. पाहुणा असला की साखर पेरत बोलायचे. त्यांनी पडद्यावर आलेख लावला. सूज वाढवणारं एक जनुक पेशीत किती कामाला लागलंय, त्याचा. काढ्याआधी उंच खांब, काढ्यानंतर जमिनीला टेकलेली रेघ.

"बघा," सर म्हणाले, "जनुक कसं शांत झालंय."

"शांत." कारखानदाराने शब्द तोंडात घोळवला. हातातली चिकट बाटली त्याने खुशाल सूक्ष्मदर्शकाला खेटून ठेवली. "हाच शब्द लेबलवर टाकू, ठळक. माल तयारच आहे, आठवड्याभरात दुकानांत दिसेल. मॅडम, प्रयोग तुमच्या हातचा. तुम्ही फक्त हो म्हणा, मी छपाईला सांगतो."

म्हणजे तिच्या एका होकारावर ते डांबर घरोघरी जाणार होतं.

आलेखातला शेजारचा खांब सरांनी सफाईने पडद्याबाहेर सरकवला होता. तिने तो ओढून परत आणला. पेशी जिवंत असेपर्यंत चालूच राहणारं एक जनुक असतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'चूल' म्हणत. कुठल्याही जनुकाचं मोजमाप आधी चुलीशी ताडून पाहायचं, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवलं जाई. शिकवायचे सरच.

"चूलसुद्धा विझलीय," ती म्हणाली. "एक जनुक नाही, सगळंच बंद पडलंय. पेशी मेल्यात. माणूस गेला की आपण म्हणतो ना शांत झाला, तसं शांत."

"रोगाच्या पेशी मेल्या ना?" कारखानदार म्हणाला. "मग बरंच झालं की."

"निरोगी होत्या. यकृताच्या."

कारखानदाराने सरांकडे पाहिलं. सर हसले. "जरा हळवी आहे ती," म्हणाले आणि तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात आले. दार लावेपर्यंत हसू तोंडावर तसंच होतं. तिला शिसारी आली.

"भांडं आणि पोट यांत फरक असतो," सर म्हणाले. "पोटात जाऊन काढा पातळ होतो, हे तुला मी सांगायचं?"

"किती पातळ होतो ते आपण पाहिलेलं नाही, सर. त्यांना तेवढंच सांगा. आपल्याला माहीत नाही म्हणा."

"माहीत नाही, हे ऐकायला कोणी एवढ्या लांबून येत नाही."

"मग माझं नाव काढा यातून."

"काढतो. निकाल तोच राहील. सही करायला माणसं रांग लावून उभी आहेत."

हे सगळं ते सुट्टीचा अर्ज नाकारावा तितक्या सहज बोलले. याच माणसाची बोलण्याची ढब तिने नकळत उचलली होती. तेच शब्द, तसंच थांबणं. आता तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

"सर, तुम्ही घरी द्याल हा काढा कुणाला?"

खिशातून फोन काढून, तिच्याकडे पाठ करून सरांनी बायकोला लावला.

"ऐक, त्या काढ्याच्या बाटल्या आल्यात ना आपल्याकडे, आईच्या गुडघ्यांसाठी. तिला देऊ नकोस. हो, आजपासूनच बंद. काही नाही गं, तिला सोसायचा नाही तो."

तिने सुटकेचा निःश्वास सोडला. आता हा माणूस आत जाऊन नाही म्हणेल. म्हणावंच लागेल त्याला. आईची काळजी वाटली, म्हणजे आत काहीतरी शाबूत असणार.

पलीकडून बायको काहीतरी विचारत होती. सर ऐकत राहिले.

"छे, फेकायच्या कशाला?" ते म्हणाले. "एकच तर फोडलीय, बाकीच्या कोऱ्या आहेत. शेजारच्या काकूंना देऊन टाक. त्या मागतच होत्या."