जवसाचा गुण

विज्ञान सत्यावर उभं असतं. त्या संध्याकाळी मात्र ते मास्तरांवर उभं होतं, आणि मास्तर खुर्चीतून उठायला तयार नव्हते.

"लाजू नका बाबा, पुढे या," सूनबाई म्हणाली. इस्पितळाच्या छोट्या सभागृहात ती पडद्याशेजारी उभी होती. धडधाकट माणसांनी रोज जवस खाल्लं तर कोलेस्टेरॉल उतरतं का, हे तिचं संशोधन. मूठभर स्वयंसेवक, त्यांतल्या निम्म्यांना रोज जवसाचा पाव, निम्म्यांना साधा. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांचं रक्त तपासलं. जवसाच्या गटाचं सरासरी कोलेस्टेरॉल खरंच उतरलं होतं, आणि सगळ्यांत जास्त कोणाचं, तर सासऱ्यांचं, म्हणजे मास्तरांचं. घरचं माणूस घेतलं म्हणून विभागप्रमुखांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. आता तेच सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते. निबंध उद्या परिषदेकडे जायचा होता आणि सूनबाईची कायमची नेमणूक त्यावर अडली होती.

"उठा की," बायकोने कोपराने ढोसलं. "नव्या नवरीसारखे काय बसलात?"

मास्तर उठले. आयुष्यभर त्यांनी गणित शिकवलं, आणि त्याहून जास्त कॉप्या पकडल्या. पकडलेल्या मुलावर ते ओरडत नसत. त्याला वर्गासमोर उभं करत आणि मायेने विचारत, "बाळ, हे उत्तर तुझंच का रे?" त्या मायेने भलेभले रडले होते.

पहिला पाव मास्तरांनी निष्ठेने खाल्ला होता. चव ताज्या वार्निशासारखी होती. पण सून पहाटे उठून स्वतः पीठ मळायची आणि कामावर जाता जाता विचारायची, "बाबा, कसा झालाय?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "फक्कड!" एकदा फक्कड म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी भिकार म्हणायची सोय राहत नाही. मग रोज पाव खिशात घालून ते शहराबाहेरच्या तळ्यावर जायचे. बसमध्ये ओळखीचं कोणी भेटायला नको, म्हणून पायी. जाऊन-येऊन चांगला घाम निघायचा. पाव बदकांना आवडायचा. त्यांचं कोलेस्टेरॉल कोणी तपासलं नाही.

"मास्तर, दोन शब्द बोला," विभागप्रमुख म्हणाले. "जवसाचा अनुभव सांगा लोकांना."

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. ती इतकी खूश होती की बघवेना. गप्प बसलं तर तिची नेमणूक पक्की होती. पडद्यावर त्यांचा आकडा मोठा करून, वर लाल गोल काढून दाखवला होता. उत्तर अगदी सुबक होतं. फक्त ते त्यांचं नव्हतं.

"मी पाव खाल्ले नाहीत," ते म्हणाले. "तळ्यावरच्या बदकांना घातले."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"सगळे?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"पहिला खाल्ला होता. म्हणून तर."

"अहो, काय हे!" बायकोने कपाळाला हात लावला.

सूनबाईचे कान लाल झाले. ती चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "मला सांगायचंत ना, बाबा. मी मध घातला असता."

मास्तरांना बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही, आणि आपणहून बसायचा धीर त्यांना होईना. सूनबाई संगणकाकडे वळली. तिने त्यांचा आकडा खोडला आणि सगळ्यांदेखत सरासरीचा हिशेब पुन्हा मांडला.

जवसाचा गट आणि साधा गट, दोन्हींचं कोलेस्टेरॉल होतं तिथेच होतं.