सोमवारची नोंद

एस्टोनियात आपली सरकारी माहिती कुठल्या कचेरीनं कधी उघडली, हे ज्याचं त्याला फोनवर दिसतं. विनाकारण डोकावणाऱ्या कर्मचाऱ्यांना पकडायचं काम उर्वेकडे होतं आणि ती ते डोळ्यांत तेल घालून करायची.

"केर्ली नावाच्या बाईची माहिती तुम्ही दर सोमवारी उघडता. कशासाठी?"

वोरू गावच्या नोंदणी कचेरीतल्या म्हाताऱ्या हेल्दुरनं मान खाली घातली. "मुलगी आहे माझी. तिची आई गेल्यापासून बोलत नाही माझ्याशी. आहे ना बरी, पत्ता तोच आहे ना, एवढंच बघतो."

"बापाला वेगळा नियम नाही."

"नोकरी काढून घ्या मॅडम. फक्त तिला कळवू नका."

"कळवायचं, हाही नियमच आहे."

हेल्दुर त्याच दिवशी घरी बसला. केर्लीला माफीचं पत्र गेलं: संबंधित कर्मचाऱ्याला काढलं आहे, यापुढे कोणी डोकावणार नाही.

तिचं उत्तर लगेच आलं. आभारच असणार, म्हणून उर्वेनं ते हौसेनं उघडलं.

"वोरूतून कोण बघतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणूनच कधी तक्रार केली नाही. सोमवारी ती नोंद दिसली की कळायचं, बाबा आहेत. त्यांनी घर विकलंय म्हणे. आता राहतात कुठे, तेवढं सांगाल?"

हेल्दुरचा पत्ता उर्वेच्या समोरच्या पडद्यावरच होता. तिनं ते पान बंद केलं आणि लिहिलं, "क्षमस्व. दुसऱ्या नागरिकाची माहिती देता येत नाही."