काट्यावरची गाडी

पन्नाशी उलटली तरी घाटातल्या मोटार-शर्यतींची शमुवेलमामांची खाज काही जिरत नव्हती. दर हंगामात चढायला वेळ जास्त लागू लागला, तशी त्यांनी गाडी हलकी करायला घेतली. मागची सीट काढली, मग शेजारचीही.

शर्यतीआधी ते यवतजवळच्या उसाच्या काट्यावर गाडीचं वजन करत. आधी स्वतः आत बसून, मग रिकामीचं.

यंदा पहिला आकडा आल्यावर काटेवाला सर्जेराव म्हणाला, "मामा, आता उतरा."

मामा उतरले, दार लावलं आणि त्याच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. आकडा तोच राहिला.

"काटा अडकला का रं?"

सर्जेरावाचं लक्षच नव्हतं. गाडीकडं बघत तो पुन्हा ओरडला, "मामा, उतरा की! उगं हसत काय बसलाय?"