नम्रताचं पाळणाघर

समर्थ वर्षाचा झाला, तेव्हा त्याच्याजवळ राहता यावं म्हणून नम्रताने हिंजवडीतली नोकरी सोडली आणि धायरीच्या घरातच पाळणाघर काढलं. आयटीतल्या आयांना ते इतकं आवडलं, की वर्षभरात बारा मुलं झाली. पण नम्रताने दुसऱ्या कुणाला मांडीवर घेतलं की समर्थ रडून घर डोक्यावर घ्यायचा. परवा तर तो एका मुलीला चावला.

"अहो, असंच चालणार असेल तर आम्ही दुसरीकडे बघतो," त्या मुलीची आई म्हणाली. बाकीच्या आयांनीही माना डोलावल्या.

सोमवारी सकाळी नम्रता समर्थला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या पाळणाघरात गेली. तो तिची ओढणी सोडेना. तिथल्या बाईंनी त्याला अलगद उचलून घेतलं.

"तुम्ही निर्धास्त जा. अगदी स्वतःच्या मुलासारखं सांभाळते मी सगळ्यांना."