मालकी हक्क

निवृत्त प्रोग्रामरनं उमेदीच्या काळात नोकरीत असताना लिहिलेला व्हिडिओ गेम ज्या कन्सोलवर चालायचा, ते यंत्र बाजारातून केव्हाच गेलं होतं. म्हणून साध्या कॉम्प्युटरला त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा एम्युलेटर त्यानं खपून तयार केला आणि गेम सगळ्यांना फुकट देणार असल्याचं जाहीर केलं. त्याच्या त्या जुन्या कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं.

तडजोडीच्या बैठकीत वकीलबाई कडाडल्या, "लिहिला तुम्ही असेल, मालक कंपनी आहे. सगळ्या प्रती आमच्यादेखत पुसा, नाहीतर राहत्या घरावर जप्ती आणू."

"वर्षानुवर्षं अडगळीत टाकलात, तेव्हा कुठे होता मालक?" तो उसळला.

बायकोनं त्याचा हात दाबला. "अहो, हात जोडते. पुसून टाका."

पोटच्या पोरावर माती लोटावी तसं त्यानं एकेक डिस्क रिकामी केली. वकीलबाईंनी चष्मा लावून प्रत्येक तपासली आणि मगच सही घेतली.

दोघं जिना उतरत होते, तेवढ्यात कंपनीचा विक्री मॅनेजर वरून धावत आला. आवाजात नुसता लोण्याचा गोळा. "सर, झालं गेलं सोडा. तुमचा गेम आम्ही पुन्हा बाजारात आणतोय, जाहिरातीही झाल्यात. पण आमच्याकडची मूळ प्रत उघडतच नाही हो. तुमच्याकडची एखादी मिळाली तर..."

तो न थांबता जिना उतरत राहिला. बायकोच म्हणाली, "वर जाऊन तुमच्या वकीलबाईंचं अभिनंदन करा. काम अगदी चोख केलंय त्यांनी."