चुलतभावाचं डोमेन

“म्हंजे कुनाचंबी नाव घेता येतं? त्याला न इचारता?”

नारायणगावातल्या प्रतिभाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सुभाष खुर्चीच्या अगदी टोकाला येऊन बसला होता.

“आधी कुणी घेतलेलं नसलं तर मिळतं, काका,” प्रतिभा म्हणाली. “त्याला डोमेन म्हणतात. नेटवर प्रत्येक ठिकाणाला आकड्यांचा पत्ता असतो. आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून त्यावर नाव लावायचं.”

“आन् नावावरनं मानूस पोचतो कसा?”

“तुम्ही आळेफाट्याला उतरलात की आधी गाव विचारता, गावात वस्ती विचारता, वस्तीवर घर विचारता. तसंच. नाव शेवटाकडून वाचत यायचं. शेवटचं डॉट इन म्हणजे फाटा समजा. पुढचं विचारत विचारत तुमच्या पानावर.”

“पान कुनाचं दावायचं, ते कोन ठरवतं?”

“नाव ज्याने घेतलं तो. कायमचं मिळत नाही बरं का, दरसाल पुन्हा भरावं लागतं. आणि दुसऱ्याच्या धंद्याचं नाव मुद्दाम बळकावलं तर तो तक्रार करू शकतो.”

“तो?” सुभाष खदखदून हसला. “त्याला मोबाइलची बॅटरी लावता येत न्हाई.”

“कोण तो?”

“कोन न्हाई. टाक नाव. ज्ञानेश्वर रोपवाटिका, पिंपरी पेंढार.”

“ज्ञानेश्वर म्हणजे तुम्हीच ना?”

“मंग काय, माझा आजा?”

प्रतिभाने नाव टाकलं. पानावर टोमॅटोच्या रोपांचा एक फोटो आला आणि खाली सुभाषने परवाच घेतलेल्या नव्या सिमकार्डाचा नंबर.

ज्ञानेश्वर हा सुभाषचा चुलतभाऊ, रोपवाटिका खरी त्याची. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. सुभाषच्या मते ज्ञानेश्वर हा देवाने माणूस करायला घेतलेला आणि कंटाळून अर्धवट सोडून दिलेला नमुना होता. मान खाली घालून रोपांना पाणी घालणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा, मेंगळट. असली माणसं आतून काय शिजवतात ते सुभाष ओळखून होता, कारण तो स्वतः बाहेरूनच शिजवत असे.

प्रश्न सुभाषच्या मुलीच्या, संस्कृतीच्या लग्नाचा होता. घोडेगावच्या घराने मुलगी पाहिली होती. मुलगा कृषी अधिकारी, जमीन पाण्याखालची, आणि पोरीच्या मनात भरलेला. होकार तेवढा अडला होता, कारण रीतीप्रमाणे चौकशी व्हायची होती. आणि चौकशी करणारा शहाणा असला तर तो भावकीतच विचारतो. हे सुभाषला चांगलं ठाऊक होतं. ज्ञानेश्वरच्या मुलीची, तेजस्विनीची, ठरत आलेली सोयरीक त्याने एका चहावर मोडली होती. चहाचे पैसेही पाहुण्यांनीच दिले होते.

“आवो, भावजी आपलं वाईट बोलायचे न्हाईत,” त्याची बायको नूतन म्हणाली.

“तू गप. म्या त्याच्या जागी असतो तर काय बोललो असतो, ते मला म्हाईत हाये.”

नूतन भाकऱ्या थापायला गेली.

हल्लीचा पाहुणा आधी पारावर विचारत नाही, मोबाइलवर विचारतो. सुभाषचा हा हिशोब बरोबर निघाला. नव्या सिमवर फोन आला. मुलाचे मामा सावळेराम बोलत होते. मुलगी पाहायला ते आले नव्हते, म्हणूनच त्यांना चौकशीला सोडलं होतं.

“ज्ञानेश्वररावच का? भेटायचं व्हतं जरा. घरी येऊ?”

“घरी रंग काढलाय, पावणं. उद्या दुपारनंतर फाट्यावरच्या हाटेलात बसू.”

दुसऱ्या दिवशी सुभाष ज्ञानेश्वरसारखा दिसावा म्हणून मळका सदरा घालून गेला. मान खाली घातली. मेंगळटपणा त्याला इतका छान जमला की त्याचं त्यालाच हसू यायला लागलं.

सावळेराममामा उंच, शांत गृहस्थ होते. त्यांनी चहा सांगितला आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“रोपं कशी चाललीत औंदा?”

“चाललीत की. टोमॅटो... लावला का उगावतो.”

“असं.” मामांनी बशीत चहा ओतला. “आन् सुभाषराव कसे हायेत? तुमचे चुलतभाऊ ना?”

सुभाषने डोळे मिटले, जणू गाभाऱ्यात उभा आहे.

“देवमानूस! माझं आन् त्याचं बोलनं न्हाई, पावणं, तरीबी सांगतो. बांध म्याच कोरला. दोष सगळा माझा. त्याने तोंडातनं शब्द काढला न्हाई.”

“तुमीच कोरला?”

“मीच. मी लई हलकट मानूस हाये.” हे म्हणताना त्याला जो आनंद झाला तो त्याच्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. “घरात मला कोन इचारत न्हाई. पोरगीबी माझ्यावरच गेलीय. तिची सोयरीक मोडली ती काय उगाच? पन सुभाषचं घर म्हंजे सोनं. पोर तर लक्ष्मी. डोळे झाकून करा.”

“एवढं चांगलं बोलतो भावकीतला मानूस?”

“खऱ्याला काय करनार, राव?”

“ते बी खरंच.” मामांनी चहा संपवला, बशी बाजूला सारली.

सुभाषला मनातल्या मनात मांडव दिसायला लागला. ज्ञानेश्वरला अगदी मागच्या रांगेत बसवायचं, तेही त्याने ठरवून टाकलं.

मामा उठले, टोपी नीट केली आणि हात जोडले.

“येतो, सुभाषराव. आमी लवकर पोचलो, म्हणून गावात इचारत ज्ञानेश्वररावांच्या घरी गेलो व्हतो, जेवूनच आलो. त्यांच्या ओटीवर तुमचा दोघांचा फोटो हाये अजून, आन् तुमच्याबद्दल त्यांनी एक वाकडा शब्द काढला न्हाई.”